आयेचा ओटीपी

१२ जानेवारी, हॅवलॉक

ही वही डाइव्हच्या नोंदींची. पुढच्या बाजूने खोली, वेळ, पाणी किती स्वच्छ हे लिहितो. आजपासून मागच्या बाजूने माझं लिहिणार. शर्मिष्ठा मॅडम पहिल्याच ऑनलाइन तासाला म्हणाल्या, रोज दहा ओळी लिहा, काहीही लिहा, नाहीतर परीक्षेत हात आखडतो. माझा हात नववीपासून आखडलेलाच आहे. नववीत शाळा सोडली कारण बाकावर बसवत नव्हतं. नंतर मालवणात पर्यटकांना पाण्याखाली नेलं, तिथेही टिकलो नाही, मग विनीतच्या मागे अंदमानात आलो. विनीत देवबागचा. आम्ही दोघं एकाच खोलीत राहतो आणि भात कोणी लावायचा यावर रोज भांडतो.

आता पदवीला बसलोय. दहावी नसली तरी चालते, पूर्वतयारीची परीक्षा गेल्या वर्षी दिली. एक विषय म्हणजे चार श्रेयांक, पहिल्या सत्राचे सोळा. मिळाले की ते आपल्या नावाच्या खात्यात जमा राहतात, मध्ये सोडलं आणि दोन वर्षांनी परत आलं तरी बुडत नाहीत. माझ्यासारख्या पळपुट्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच कोणीतरी हे बनवलं असणार.

विनीत म्हणाला, "पदवी घेऊन काय माशांका शिकवतलंस?"

त्याला खरं कारण सांगितलं नाही. इथे लिहितो. मालवणच्या समुद्रातल्या प्रवाळाची पाहणी सुरू होतेय. पाण्याखाली जाऊन मोजायचं, फोटो काढायचे. पाहणीचे प्रमुख धनेश सर मला म्हणाले, "तुझ्याइतकं तिथलं पाणी कोणाला माहीत नाही, पण कागदावर काहीतरी हवं. पंधरा जूनपर्यंत पदवीचं पहिलं सत्र पूर्ण केल्याचं दाखव, घेतो." म्हणजे सोळा श्रेयांक, आणि मी घरी. नाहीतर पुन्हा ऑक्टोबरात ही खोली, हा विनीत, हा भात.

१५ जानेवारी

प्रवेशाचा फॉर्म भरला होता आकांक्षाने. ती माझी धाकटी बहीण, कणकवलीच्या कॉलेजात आहे. तिने मोबाइल नंबर घातला आयेचा, कारण माझं इथलं सिम कधी लागतं कधी नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी आत शिरायचं म्हणजे आयेला फोन.

"आये, ओटीपी सांग."

"थांब, हात मासळीचे आसत."

मग पाणी ओतल्याचा आवाज, मग "चष्मो खंय गेलो", मग बाबांना हाक, मग आकडे. तोवर वेळ संपते आणि नवा ओटीपी येतो.

"परत इलो रे. ह्यो घेतंस की आधीचो?"

शेवटी विनीतच म्हणाला, बँकेच्या तिजोरीत शिरणं सोपं पडेल.

२ फेब्रुवारी

मराठी बरं चाललंय. पर्यावरण तर माझंच आहे, त्यात प्रवाळ आले तेव्हा मी मॅडमना तासात दोन गोष्टी सांगितल्या आणि त्यांनी त्या लिहून घेतल्या. संगणकही जमतो. अडकलोय स्थानिक स्वराज्यात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, कोरम, तहकूब. व्हिडिओ लावला की झोप येते. आणि पूर्ण बघितल्याशिवाय उपस्थितीची पट्टी हिरवी होत नाही. पंच्याहत्तर टक्क्यांखाली राहिलो तर त्या विषयाची परीक्षाच नाही. आज बघितलं, अठ्ठावन्न.

आयेला फोनवर बोलून गेलो की उपस्थिती कमी पडतेय, मासळीत हजेरी चुकली की बुडतो तसा वाटा बुडेल बहुतेक.

ती म्हणाली, "कसो बुडात? घरात माणसा मेली काय?"

तिला काय समजलं कोण जाणे. आयेची शाळा सातवीपर्यंत.

९ फेब्रुवारी

चार दिवस पाहुणे घेऊन लांबच्या बेटाकडे होतो. रेंज शून्य. आज येऊन बघतो तर स्थानिक स्वराज्यात उपस्थिती एक्क्याऐंशी.

विनीत म्हणाला अॅप बिघडलं असेल. मी म्हटलं, बिघडलं तर बिघडू दे, वरच्या दिशेने बिघडलंय.

घरी फोन केला तेव्हा मागे कोणीतरी बाई मोठ्याने बोलत होती. आवाज ओळखीचा वाटला. आये म्हणाली, "टीव्ही आसा." आयेला हल्ली मालिकांचा फार नाद लागलाय.

२२ फेब्रुवारी

घोळ. स्थानिक स्वराज्याची वीस प्रश्नांची चाचणी काल संध्याकाळी बंद झाली आणि मी परवापासून बोटीवर. विद्यापीठाच्या मदत विभागाला मेल लिहिला. पहिल्यांदाच एवढं मोठं लिहिलं: मी कामाने पाण्याखाली असतो, पाण्याखाली नेटवर्क नसतं, कृपया विचार व्हावा. लगेच उत्तर आलं, "आपली विनंती नोंदवली आहे." किती तत्पर लोक आहेत.

२७ फेब्रुवारी

वीसपैकी एकोणीस.

मी न दिलेल्या चाचणीत.

दुपारभर विचार केला आणि उलगडलं. मॅडमनी एकदा सांगितलं होतं की आता कामाच्या अनुभवाचेही श्रेयांक मिळू शकतात, अर्ज करून, तपासून. त्यांनी माझा मेल वाचला असणार आणि अनुभव धरून गुण दिले असणार. सात वर्षं पाण्यात काढली ती फुकट नाही गेली. विनीत म्हणाला, "पाण्यातल्या अनुभवाचे गुण ग्रामपंचायतीत कसे काय दिले?" मी म्हटलं, तुला विद्यापीठाच्या कारभारातलं काय कळतं. पण एक गुण कुठे कापला असेल, हे मनात राहिलंच.

११ मार्च

बाबांचा फोन. बाबा स्वतःहून फोन करतात तेव्हा काहीतरी जळलेलं असतं. आज खरंच जळलं होतं.

"तुझ्या आवशीन तिसऱ्यांदा बांगडो करपवल्यान. मोबाइल घेऊन बसता. मी काय इचारलंय तर म्हणता, गप रवा, मधी थांबवलंय तर पयल्यापासून बघूचा लागता."

मी म्हटलं, बाबा, मालिका सगळ्याच आया बघतात.

"आणि काल पंचायतीत गेली. सभेक माणसा कमी होती म्हणान सरपंच कागद गुंडाळूक लागलो, तर ही उठान म्हणता, तहकूब करा, तहकूब सभेक परत कोरम लागणा नाय. आणि महिलांची सभा आधी घेतलास काय, ती पयली सांगा. ग्रामसेवक माझ्याकडे बघूक लागलो. मी काय करू?"

मालिकांत हल्ली बरंच काही दाखवतात म्हणायचं. तो कोरमचा मुद्दा मला चाचणीसाठी उपयोगी पडला असता.

६ एप्रिल

पोर्ट ब्लेअरला जाऊन तीन विषयांची परीक्षा दिली. पर्यावरण झकास. मराठीत निबंध होता, माझे कामाचे ठिकाण. तीन पानं लिहिली. ही वही कामाला आली.

चौथ्या विषयाची परीक्षा यादीत दिसलीच नाही.

१४ एप्रिल

कळलं का दिसली नाही. मेल आला. स्थानिक स्वराज्य या विषयात माझ्या खात्यात एकाच तासाला दोन ठिकाणांहून शिरल्याच्या नोंदी आहेत, अंदमान आणि सिंधुदुर्ग. गुण व उपस्थिती रोखली आहे. अभ्यासकेंद्रात समक्ष येऊन खुलासा करावा.

म्हणजे कोणीतरी माझ्या खात्यात शिरतंय. सिंधुदुर्गातला. मी सगळ्या शत्रूंची यादी केली. दोनच निघाले, आणि दोघांनाही संगणक येत नाही.

विनीतने मेल वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि भात लावायला गेला. आज त्याची पाळी नव्हती.

४ मे, वायरी, मालवण

मोसम संपला, घरी आलो. बॅग ठेवली, पाणी प्यायलो, आणि मागच्या पडवीतून तोच आवाज. शर्मिष्ठा मॅडमचा. "पंचायत समितीची रचना आपण मागच्या भागात पाहिली."

आये पाटावर. समोर विळी, विळीला टेकवलेला मोबाइल, हातात सुरमई. कान मोबाइलकडे. बाजूला आकांक्षाची जुनी वही, त्यावर माशाच्या खवल्यांसकट आयेचं अक्षर.

"इलंस? बस. दोन मिनटा रवली हत," ती म्हणाली.

मी बसलो. दोन मिनिटं पूर्ण ऐकली. दुसरं काय करणार होतो?

मग विचारलं, "आये, ती चाचणी तूच दिलंस?"

"मगे कोण देतलो? तू बोटीर."

"एकोणीस?"

"एक चुकलो. जिल्हा परिषदेचो." अजून तिला त्याचं वाईट वाटत होतं.

५ मे

घरात सकाळपासून खल चाललाय. आयेला ती काय चुकली हे कळतच नाही, आणि मला नीट सांगता येत नाही.

ती म्हणते, रापण ओढताना आपण काय करतो? जाळं समुद्रात सोडलं की पन्नास माणसं किनाऱ्यावरून दोर ओढतात, आणि ज्याच्या घरचा हात दोराला लागला त्या घराला वाटा. बाबांना ताप होता तेव्हा ती उभी राहिली. ती बाळंतीण होती तेव्हा आजोबा उभे राहिले. "तू पाण्यात होतंस. हाजेरी बुडत होती. म्हणान मी हात लावलंय. दोर मोकळो सोडूक काय माका वेड लागला हा?"

"बाकी तीन विषयांचो दोर कित्या नाय धरलंस?"

"ते तू ओढी होतंस. आणि संगणकातला माका काय कळता?"

आकांक्षा म्हणाली, "दादा, लिहून टाक, तांत्रिक बिघाड. घरचं वायफाय आणि तुझा फोन एकत्र दिसले. कोण तपासायला येणार आहे?"

बाबा म्हणाले, "लिव बिघाड. पंधरा जूनाक दिवस किती रवले?"

एक्केचाळीस राहिलेत. मी दुपारभर समुद्रावर जाऊन बसलो. बिघाड लिहिलं तर सोळा श्रेयांक, धनेश सर, घर. पण मॅडमनी बोलून बोलून शिकवलं, आये खवले उडवत शिकली, आणि मी त्याला बिघाड म्हणणार? शिवाय ते एकोणीस माझे नाहीत. असते तर मी सरपंचासमोर उभा राहिलो असतो.

खरं सांगायचं ठरवलं. घाबरलोय. इथे लिहायला हरकत नाही.

८ मे

कणकवलीच्या अभ्यासकेंद्रात गेलो. मी, आकांक्षा, आणि आये. आयेला येऊ नको म्हटलं तर ती आधीच नऊवारी बदलून एसटीत.

शर्मिष्ठा मॅडम पडद्यावर दिसतात त्यापेक्षा बुटक्या आहेत. मी उभा राहून सांगितलं, एका दमात: खातं माझं, चाचणी आईने दिली, मला ठाऊक नव्हतं, पण मार्क आले तेव्हा मी विचारलंही नाही, ते माझं चुकलं.

मॅडमनी चष्मा काढला. "मग त्या मेलमध्ये पाण्याखाली नेटवर्क नाही म्हणून लिहिणारे तुम्ही?"

"हो."

"ऑफिसात आम्ही तो वाचून दाखवला होता सगळ्यांना."

आये तोवर शुद्ध भाषेची तयारी करून बसली होती. "मॅडम, मी आनंदी. याची आई. सदर चाचणी मी दिलेली आहे." मग तयारी संपली. "तुम्ही खंयच्या?"

"मी?" मॅडम गोंधळल्या. "बांद्याची."

"मगे तुमका रापण म्हायत आसतली." आणि आयेनं सगळा दोर, ताप, बाळंतपण, वाटा असा सांगितला. शेजारच्या टेबलावरचे शिपाईकाका फायली सोडून ऐकत होते.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याही ऑफिसची भाषा बाजूला ठेवून म्हणाल्या, "आनंदीबाय, ह्यो उद्या नोकरीर पाण्यात उतरतलो. वीस मीटर खाली. थंयचा काम ह्याकाच येवक होया. तुम्ही वरसून त्याच्यासाठी श्वास घेऊन चलात काय?"

मी सांगणार होतो की पाण्याखाली हवा संपली तर आम्ही एकमेकाला आपली देतो. पण आकांक्षाने माझा पाय दाबला.

आयेनं मात्र सांगताना उचललेले हात खाली घेतले. दोन्ही हात मांडीवर. मग हळूच म्हणाली, "ता बरोबर."

मॅडमनी माझ्याकडून खुलासा लिहून घेतला. विद्यापीठाला पाठवतील. चाचणी आणि उपस्थिती रद्द होणारच. पुन्हा संधी द्यायची की नाही हे वरून ठरेल.

परतताना एसटीत आये खिडकीबाहेर बघत होती. कणकवली मागे पडल्यावर म्हणाली, "म्हणजे माझे ते एकोणीस खंयच जमा नाय."

"नाय."

"तुझ्या नाय, माझ्याय नाय."

"नाय, आये."

मग मालवणापर्यंत तिकिटाच्या घड्या घालत बसली.

१६ मे

संधी मिळाली. सगळे व्हिडिओ पुन्हा बघायचे आणि दोन जूनला केंद्रात समोर बसून कागदावर चाचणी, तीच या विषयाची परीक्षा धरणार. चाळीस टक्क्यांना पास. मेलच्या खाली मॅडमनी स्वतः एक ओळ घातलीय: "आईंनाही आणावे."

२३ मे

मला शिकवायला आये बसते. मॅडम बऱ्या होत्या.

"तहकूब म्हणजे काय?"

"पुढे ढकललेली सभा."

"कित्या ढकलली?"

"कोरम नाय म्हणून."

"कोरम किती?"

मी वही चाळायला लागलो. आयेनं सुरीचा दांडा पाटावर आपटला. "शंभर, नायतर शेकडा पंधरा. ज्या कमी ता. तुझ्या बापाशीन हात वर करूक नाय म्हणान त्या दिवशी एक कमी पडलो, असा ध्यानात ठेव."

पलीकडून बाबा म्हणाले, "माझो हात दुखी होतो."

ती प्रत्येक कलमाला गावातलं माणूस चिकटवते. राखीव जागा म्हणजे हौसाबाई कशा निवडून आल्या. विकास आराखडा म्हणजे व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, तो पूल जो कागदावर दोनदा झाला. नवल म्हणजे झोप येत नाही. हेच मी तीन महिने झोपून ऐकत होतो.

पण काल रात्री आडवा पडल्यावर एक वाटलं ते लिहितो. तिला हे कोणी विचारलंच नव्हतं इतकी वर्षं.

२ जून

चाचणी झाली. मॅडमनी मला खिडकीजवळ बसवलं आणि तशीच एक प्रत आयेसमोर ठेवली. "ह्याचे गुण कुठे धरणार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त बघूया."

"कोण बघतला?" आयेनं विचारलं.

"तुम्ही."

अर्ध्या तासात आयेनं पेन खाली ठेवलं आणि माझ्या कागदाकडे अजिबात न बघण्यासाठी मान भिंतीकडे फिरवून बसली. मान दुखली असेल. मी शेवटच्या मिनिटापर्यंत लिहीत होतो.

मला बारा. आयेला अठरा.

मला बाराचा आनंद झाला, तसा आजवर कसलाच नाही. पहिल्यांदा मोठ्या खोलीत उतरून वर आलो होतो, त्याच्या जवळपास.

मॅडमनी टेबलाच्या खणातून एक फॉर्म काढला आणि माझ्याकडे नाही, आयेकडे सरकवला. "हे अठरा कशातच धरले जाणार नाहीत. पुढचे धरले जातील. आधी पूर्वतयारी, मग पदवी."

"माका?" आये हसली. "माका ह्या वयात काय करूचा हा? खंय नोकरीर जाऊचा हा?"

"सरपंचाला विचारा," मॅडम म्हणाल्या. "तो घाबरलाय ते कणकवलीपर्यंत कळलंय."

आयेनं फॉर्म घडी करून पिशवीत टाकला. नको म्हणाली नाही.

११ जून

सोळा. खात्यात दिसले. आज सकाळी ओटीपी मागून बघितले, आणि ओटीपी सांगून आये स्वतःहून बाहेर गेली. "तुझा तू बघ."

धनेश सरांना पाठवले. त्यांचं उत्तर एका ओळीचं: नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळलं की उतरायचं.

विनीतला कळवलं. त्याचं उत्तर: "आता माझ्या वांगडा भातावरसून भांडतलो कोण?" मग थोड्या वेळाने: "त्या फॉर्माची लिंक पाठव."

आयेचा फॉर्म आकांक्षाने भरला. बाबा खांद्यावरून वाचत होते. "शिक्षणात किती वर्षांचो खंड, असा इचारलेला हा," आकांक्षा म्हणाली.

आयेनं बोटं मोजली. "तेतीस."

बाबांनी शांतपणे सांगितलं, "चौतीस. शाळा सुटली ता पयला वर्ष धरूक नाय तुया." मग बांगडा तळायला उठले. शिकलेत आता. करपतो अजून, पण एकाच बाजूने.

मोबाइल नंबर माझा घातलाय. तिचा फोन तिच्या चुलीजवळच्या वाफेने बंद पडत असतो.

२१ सप्टेंबर

सकाळी दोन डाइव्ह, चौदा मीटर. प्रवाळाचे तीस फोटो. धनेश सरांना एक जात माहीत नव्हती, मी तिचं मालवणी नाव सांगितलं, त्यांनी पाटीवर लिहून घेतलं.

दुपारी घरी येऊन बघतो तर आयेची उपस्थिती एकाहत्तर. गणपतीत बुडाली. चारला थेट तास, शर्मिष्ठा मॅडमचा, आणि आये किनाऱ्यावर रापणीला. चारला पाच कमी. तिचं खातं उघडलं तसा माझ्या फोनवर ओटीपी आला. सहा आकडे. बटण दाबलं की आये हजर. मॅडम कॅमेरे लावायला सांगत नाहीत.

खोटं कशाला लिहू, अंगठा वर गेला होता.

मग उठलो आणि धावत समुद्रावर गेलो. पन्नास माणसं दोन रांगांत, दोर ताठ, आये तिसऱ्या जागेवर, पाय वाळूत रुतवलेले.

"आये, तास."

"दिसणा नाय काय तुका? दोर हातात आसा."

"दोर माझ्याकडे दे."

तिने माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. पदराने हात पुसले. दोर माझ्या हातात आला तसा तिने तो सोडला, आधी नाही. नवा ओटीपी मागवला, तो तिनेच दाबला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत. मग उलट्या घातलेल्या होडीवर जाऊन बसली, फोन गुडघ्यावर.

बाबा पुढच्या रांगेतून ओरडले, "आनंदी, आज मासळी बरी लागली हा."

"गप रवा," आये म्हणाली. "माझी हाजेरी घेतत."

मी ओढत राहिलो. वाटा तिच्याच नावाचा.

खोली: गुडघाभर. वेळ: पाऊण तास. पाणी: स्वच्छ, तळ दिसत होता.